पेटी खय वाजवू?

मी मॅट्रिक. पुढे चित्रकलाशिक्षकाची परीक्षा तेवढी दिली आणि मालवणजवळच्या एका शाळेत मुलांना घागरी, माड आणि होड्या काढायला शिकवू लागलो. सवड मिळेल तशा चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या. विद्यापीठ नावाची वास्तू मी बाहेरूनच पाहिली आहे. तेव्हा विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीने वाद्याचा रियाज कसा करावा, यावर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो. पण प्रश्न माझ्याच दारी आला आणि त्याचे उत्तर देताना माझीच एक जुनी लबाडी उघडी पडली. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी भाची गेल्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला गेली. सातव्या वर्षापासून ती आमच्या वाडीतल्या भजनात पेटी वाजवते. बुवांनी तिच्याकडून पलटे असे घोटून घेतले आहेत की, झोपेतसुद्धा तिची बोटे चालत असावीत. कुडाळ स्टेशनवर कोकणकन्येत बसली तेव्हा तिच्या एका हातात खाज्याचा पुडा होता आणि दुसऱ्या हातात पेटी. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"मामा, हय पेटी खय वाजवू ता सांग."

वसतिगृहाच्या एका खोलीत तिघी मुली. एक रात्री जागून अभ्यास करणारी, दुसरी दिवसभर नोकरी करून दमून येणारी. पेटी खाटेखाली सरकवलेली. मी शिक्षकाच्या सवयीने तात्काळ उपदेश केला, "बाय, दुसऱ्याची झोपमोड करू नये. परीक्षा होईपर्यंत ठेव बाजूला." तिने "बरा" म्हणून फोन ठेवला. त्या रात्री झोपमोड झाली ती माझी.

कारण हेच वाक्य पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतःला ऐकवले होते. मीही तेव्हा पेटी वाजवीत असे. चित्रकलेच्या शिक्षणासाठी परगावी एका घरात भाड्याची खोली घेतली होती. घरमालकांची म्हातारी आई आजारी पडली म्हणून मी पेटी बंद केली. यात गैर काहीच नव्हते. कोणीही भल्या माणसाने तेच केले असते. पण महिन्याभरात म्हातारी हिंडूफिरू लागली. एके दिवशी ओटीवर बसून मला विचारते, "काय रे झिला, तुझी पेटी खय गेली? आयकाक येणा नाय." मी म्हटले, "तुमका त्रास नको म्हणान बंद केलंय." ती हसली. "माका कसलो त्रास?"

तरी मी पेटी उघडली नाही. मधल्या काळात न वाजवण्याची गोडी लागली होती. पुढे कोणी विचारले की मी सांगत असे, "एका आजारी बाईसाठी मी पेटी सोडली." ऐकणाऱ्याचे डोळे पाणावत. आळसाला सौजन्याचा अंगरखा इतका शोभून दिसतो की, काही वर्षांनी घालणाऱ्यालाही तो आपल्याच कातडीसारखा वाटू लागतो.

म्हणजे भाचीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एका खोलीत एकाला झोप हवी असते, दुसऱ्याला सूर. मोठे कोण? आमच्या सिंधुदुर्गातल्या माणसांना हा प्रश्न जुना आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला गेलेले आमचे चाकरमानी एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. एका पाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसऱ्या पाळीचा अंग टाकी. तिथे भरदिवसासुद्धा कोणी ना कोणी झोपलेलाच असायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि ते जगच विस्कटले. परंतु त्याच दाटीतून भजनी मंडळे उभी राहिली, डबलबारीचे सामने रंगले. ही माणसे तालीम कुठे करीत? देवळात, चाळीच्या गॅलरीत, गच्चीवर. ज्याची झोप असेल त्याला टाळून. झोपलेल्याच्या उशाशी त्यांनी पेटी काढली नाही, आणि जागा नाही म्हणून पेटी विकलीही नाही.

पियानोच्या देशांतही हीच अडचण. पियानोला ८८ पट्ट्या आणि आवाज भिंतीपलीकडे जाणारा. शिकणारी मुले भाड्याच्या खोल्यांत राहणारी. म्हणून एकोणिसाव्या शतकात तिकडे मुके पियानो निघाले. त्यांना पट्ट्या होत्या, तारा नव्हत्या. बोटे फिरवा, शेजारी निजलेला राहील. पुढे उभ्या पियानोत अशी सोय झाली की, पायाने पट्टा दाबला की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये लोकरी कापड येते आणि आवाज दबतो. आता तर विजेच्या पियानोला कानात घालायची नळी जोडली की वाजवणाऱ्याखेरीज कोणालाच काही ऐकू येत नाही.

त्याहून नवलाचा प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्व्हारो पास्कुआल-लिओने या मेंदूच्या डॉक्टरांनी काही माणसांना पियानोवरचा पाच बोटांचा एक पलटा दिला. काहींनी ५ दिवस रोज २ तास तो प्रत्यक्ष वाजवला. काहींनी तितकाच वेळ बोट न हलवता नुसता मनात वाजवला. दोघांच्याही मेंदूत बोटांचा कारभार पाहणारा भाग सारखाच विस्तारलेला आढळला. हाताच्या सफाईत मात्र मनात वाजवणारे मागे राहिले. पाचव्या दिवशी ते वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतके आले. पण एकदाच दोन तास हाताने वाजवायला मिळाले आणि त्यांनी ती तूट भरून काढली.

हे वाचून मला कुमार गंधर्व आठवले. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा गवई १९४८ साली क्षयाने आजारी होऊन देवासला गेला. काही वर्षे गाण्याची बंदी. ज्याचे सगळे जगणेच गळ्यात, त्याने काय करावे? अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची लोकगीते कान देऊन ऐकली. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा गाणे पहिल्यापेक्षा निराळे होते. त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले. गळा बंद होता, पण रियाज बंद नव्हता.

दुसऱ्यासाठी किंवा नाइलाजाने गप्प राहणे आणि स्वतःच्या सोयीसाठी गप्प राहणे, ही दोन मौने बाहेरून सारखीच दिसतात. फरक आत असतो. पहिल्या मौनात माणूस वाट पाहत असतो. दुसऱ्यात तो सुटल्याचा निःश्वास टाकतो. माझे मौन महिनाभर पहिल्या जातीचे होते आणि पंचवीस वर्षे दुसऱ्या.

सकाळी उठून मी शाळेतला जाड पुठ्ठा घेतला, बुवांच्या पेटीच्या पट्ट्या मोजल्या आणि त्याच मापाच्या तीन सप्तकांच्या ३७ पट्ट्या त्यावर काढल्या. काळ्यांना शाई भरली, मधोमध घडी घातली आणि पोस्टाने भाचीला पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिली: 'काल सांगितलेले विसर. खोलीतल्या मुलींना विचार. विचारल्याशिवाय वाजवू नकोस आणि विचारल्याशिवाय बंदही करू नकोस.' मी त्या म्हातारीला कधी विचारलेच नव्हते. तिच्या वतीने उत्तर मीच देऊन टाकले होते.

भाचीने विचारले. संध्याकाळी एक मुलगी ग्रंथालयात असते आणि दुसरी अजून आलेली नसते. तेव्हा सहा ते साडेसहा पेटी काढायला दोघींची हरकत नव्हती. रात्री अंथरुणावर पुठ्ठा. महिनाभर ती खूश होती. मग एका शनिवारी ती लालबागच्या एका चाळीत आमच्या गाववाल्यांच्या भजनाला गेली. पहिल्याच अभंगाला तिथल्या बुवांनी टाळ थांबवून विचारले, "गो चेडवा, धावतंस कित्याक?"

पुठ्ठ्याला भाता नसतो. डावा हात रिकामा बसला होता आणि उजवा कोणाचे न ऐकता पळायला शिकला होता. त्या अर्ध्या तासात ती एकटीच असे. तिथेही कोणी टोकले नव्हते. फोनवर हे सांगताना ती रडवेली झाली. "मामा, माका वाटलेला, चांगला वाजता."

मला इथे पहिल्यांदा सगळा प्रश्न उलगडल्यासारखा वाटला. मुक्या पट्ट्यांवर चूक होत नाही, कारण चूक ऐकायला तिथे कोणी नसते. एकांतात आपण सगळेच उत्तम वाजवतो. सगळेच सत्यवान, सगळेच शांत, सगळेच क्षमाशील! रागावर ताबा मिळवायचा अभ्यास बंद खोलीत किती सोपा असतो! दार उघडून बायको विचारते, "दूध उतू गेला, बघूक नाय?" आणि आपली लय कळते. ज्या माणसांची झोपमोड होऊ नये म्हणून आपण जपतो, त्यांचेच कान आपल्याला हवे असतात. शेजारी ही रियाजातली अडचण नव्हे. तो रियाजाचा दुसरा हात आहे. त्याची झोप सांभाळणे हे जसे आपले देणे, तसेच तो जागा असताना त्याच्यासमोर चुकायची लाज न बाळगणे हेही. आजारी माणसाला त्रास नको म्हणून मी पेटी मिटली, आणि बऱ्या झालेल्या माणसाने ऐकू नये म्हणून ती मिटलेलीच ठेवली. मधल्या महिन्यात बोटे जड झाली होती. ती जड झालेली बोटे त्या म्हातारीला ऐकू द्यायची मला लाज वाटली, एवढीच त्या थोर त्यागाची हकीकत आहे.

भाची आता दर शनिवारी लालबागला जाते. बुवा अजून तिला थांबवतात, पण पूर्वीपेक्षा कमी.

यंदा चतुर्थीला ती घरी आली. वाडीत घरोघर भजने चालू होती. दुपारी ती माळ्यावर चढली आणि माझी जुनी पेटी खाली घेऊन आली. भात्याच्या कडा झुरळांनी खाल्लेल्या, तीन पट्ट्या दाबल्या तरी गप्प, आणि एक सूर न दाबता आपणहून बोलणारा. सगळी हकीकत मी तिला पूर्वीच सांगितली होती. पेटी पुसून तिने माझ्यापुढे ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने विचारले,

"मामा, शेजाराक कोण आजारी आसा काय?"

कोणीच आजारी नव्हते. मी बसलो. पहिला पलटाच अडखळला. अंगणात आरतीची वाट पाहणारी चार पोरे हसली. माझ्या शाळेतलीच होती. मी पुन्हा 'सा'पासून सुरुवात केली.

पेटी आता कुडाळला दुरुस्तीला दिली आहे. तुळशीचे लग्न झाले की आमच्याकडे जत्रा सुरू होतात, गावोगाव दशावतार उभे राहतात. तोवर ती परत येईल, असे कारागीर म्हणतो. शेजारच्या घरी मी विचारून ठेवले आहे. संध्याकाळी सात ते साडेसात चालेल म्हणाले.