सावधानता म्हणजे भीती नव्हे

लग्नमंडपात अंतरपाट धरलेला असतो, हातांत अक्षता असतात आणि मंगलाष्टकाच्या प्रत्येक कडव्याअखेर 'सावधान' असा उच्चार होतो. हाच शब्द ऐकून बाळ नारायण बोहल्यावरून निघून गेला व पुढे समर्थ रामदास झाला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. आनंदाच्या ऐन घटकेस हा इशारा कशासाठी? शब्द फोडून पाहिला म्हणजे उत्तर मिळते. अवधान म्हणजे लक्ष. जो अवधानासह वागतो तो सावधान. या अर्थात भयाचा लेशही नाही.

व्यवहारात मात्र सावध मनुष्यास आपण भित्रा समजतो. "देव आहे, काही होत नाही," असे म्हणून त्यास गप्प करितो. या म्हणण्याचा फोलपणा आपल्याच इंदुरात दिसून आला. ३० मार्च २०२३, रामनवमीचा दिवस. पटेलनगरातील एका मंदिरात हवन चालू असता भाविकांच्या पायाखालची जागा खचली. ती भूमी नव्हतीच. जुन्या बावडीवर घातलेले ते छत होते. ३६ जीव गेले. त्यांची श्रद्धा का उणी होती? मुळीच नाही. परंतु बावडी झाकली गेली, आणि जे झाकले ते कालांतराने विस्मरणात गेले. सवयीने संकट टळत नाही, केवळ दिसेनासे होते.

भित्रा मनुष्य स्वतःपुरते पाहतो आणि कार्यच टाळतो. सावध मनुष्य चार लोकांचा विचार करून कार्य तडीस नेतो. भित्रा म्हणेल, उत्सवच नको. सावध मनुष्य उत्सवाच्या आदल्या दिवशी मांडवाचे खांब, विजेच्या तारा आणि बाहेर पडण्याची वाट स्वतः पाहून येईल. दासबोधात समर्थांनी हरिकथानिरूपण व राजकारण यांच्या लगोलग तिसरे स्थान सर्व विषयांतील सावधपणास दिले, ते उगाच नव्हे.

घरीही हाच न्याय. समई पडद्यापासून दूर ठेवणे, निजण्यापूर्वी गॅस बंद असल्याचे पाहणे, ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. कारण काहीही न घडणे हेच त्यांचे फळ. म्हणून आजी दोनदा "कडी लावलीस ना?" असे विचारते तेव्हा तिच्यावर चिडू नये.

पूजेच्या आरंभी आसनविधीत आपण पृथ्वीमातेस, मला धारण कर, अशी प्रार्थना करितो. जिला ही प्रार्थना करावयाची, ती आपल्या खाली खरोखर आहे ना, हे पाहून घेणे हेही त्याच पूजेचे अंग होय.