वकील नेमका कुणाचा?

जळगाव असो की धुळे, घर तारण ठेवून दुकानासाठी कर्ज काढायचं म्हटलं की बँक आपल्या पॅनेलवरच्या वकिलाकडे पाठवते. तो तीस वर्षांचा सर्च घेतो, फेरफार आणि सिटी सर्व्हेचे उतारे चाळतो, टायटल निर्वेध असल्याचं लिहून देतो. फी कर्जदाराच्या खिशातून जाते, अहवाल बँकेकडे. कर्जदाराला वाटतं, चला, वकिलाने कागद पाहिले. पाहिले खरे, पण बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून.

सहीच्या दिवशी अधिकारी पेन्सिलीच्या फुल्या दाखवत पानं उलटत जातो. बायको सहकर्जदार, मेहुणा जामीनदार. ‘इथे, इथे, मागे पण.’ करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी एरवी कर्जदाराइतकीच असते, हे मेहुण्याला नोटीस आल्यावर कळतं. २००२च्या सरफेसी कायद्याने, खातं थकलं की ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता बँक ताबा घेऊ शकते. शेतजमीन त्यातून वगळली आहे. रावेर-यावलचा केळीवाला तेवढंच ऐकून असतो आणि राहतं घरही सुरक्षित धरून चालतो.

इंग्लंडमध्ये २००१च्या एट्रिज खटल्यात ठरलं, की नवऱ्याच्या धंद्यासाठी बायको घर अडकवत असेल तर सॉलिसिटरने तिला नवऱ्याच्या माघारी भेटून साध्या भाषेत धोका सांगायचा. हे विलायती चोचले म्हणावेत, तर सावकारांविरुद्धच्या १८७५च्या दख्खन दंग्यांनंतर झालेला १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आठवावा: दस्त शेतकऱ्याला वाचून दाखवायची जबाबदारी त्याने गावच्या निबंधकावर टाकली होती. खानदेश मात्र तेव्हा त्या कायद्याबाहेर होता.

वकील म्हणतील, आमचा पक्षकार बँक आहे. बरोबरच आहे. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक कायद्यातूनही वगळलं. तेव्हा त्या दाराने काही येणार नाही. एकाच वकिलाने दोघांची बाजू सांभाळावी, ही अपेक्षाही मला भाबडी वाटते. बायको आणि जामीनदार यांच्यासाठी वेगळा वकील हवा. अर्धा तास, गरज पडली तर अहिराणीत, आणि खर्च प्रोसेसिंग फीमधून. काही कर्जं त्या अर्ध्या तासात मोडतील, म्हणून बँकांना हे रुचणार नाही. पण आपल्याकडे जामीन राहणारा धोका न कळल्यामुळेच सही करतो असं नाही. दाजींना नाही कसं म्हणायचं, म्हणूनही करतो. ‘वकीलसाहेब नको म्हणतात’ एवढं सांगायची सोय झाली, तर त्याला बहिणीच्या घरचा उंबरठा तुटणार नाही.