काळ्या पट्ट्या असू देत

पुणे, सदाशिव पेठ

चि. सई,

तुझ्या बाणेरच्या घरी नवा टीव्ही आला, सेट टॉप बॉक्सवर लागलेला ‘संत तुकाराम’ तू मोठ्या हौसेनं बघायला बसलीस, आणि विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा आडवे पसरलेले दिसले म्हणून हिरमुसून उठलीस, असं तुझी आई सांगत होती. हा टीव्ही परत करून दुसरा आणते, असंही म्हणालीस म्हणे. थांब गं जरा, राणी. टीव्ही चांगलाच असणार. तू निवडलायस ना!

तो सिनेमा 1936 सालचा, आपल्या पुण्यातल्या प्रभात स्टुडिओत, म्हणजे आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे घडलेला. त्या काळच्या चित्राची रुंदी उंचीच्या साधारण 1.37 पट असे, तुझ्या टीव्हीची 1.78 पट आहे. म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर समजावं की चित्र अगदी बरोबर आहे. ते आडवं पसरलेलं दिसलं, तर पडदा भरायच्या घाईत कुणीतरी ते ताणलेलं असतं, आणि हे ताणणं दोन ठिकाणी होऊ शकतं, टीव्हीत आणि बॉक्समध्येही. म्हणून एका वेळी एकच सेटिंग बदल, चित्र बघ, वहीत लिहून ठेव, आणि मगच पुढच्याला हात लाव. तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या की कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं, काहीच कळत नाही.

अशी सबुरी जुन्या टीव्हीलाही लागे. 1973 मध्ये सिंहगडावरून पुण्याला मुंबई दूरदर्शन दिसू लागलं, तेव्हा गच्चीवरचा अँटेना गडाकडे तोंड करून बसवत. एक जण वर दांडा फिरवायचा, खालचा ओरडायचा, ‘मुंग्या आल्या... आता दिसतंय... थांब, तिथेच ठेव!’ वरच्यानं घाई केली की आलेलं चित्र निघून जायचं. सबुरीनं बोटभर फिरवणाऱ्याच्या घरी बातम्या स्वच्छ दिसायच्या.

आता पुस्तिकेचं. ती कुणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. हल्ली तर खोक्यात चार पानं येतात आणि खरी पुस्तिका टीव्हीच्या मेन्यूतच दडलेली असते. तरी वाच, बाळ, कारण एकाच गोष्टीला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. हेच बघ ना, सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असतात, टीव्ही त्यांच्यामधली चित्रं आपल्या मनानं तयार करून घालतो, आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. सोनी त्याला मोशनफ्लो म्हणते, एलजी ट्रूमोशन, सॅमसंग पूर्वी ऑटो मोशन प्लस म्हणायची. मग शोधणार कुठे? 2018 साली टॉम क्रूझनं लोकांना मुद्दाम विनंती केली होती की सिनेमा बघताना हे बंद करा. आणि दुकानात झळकण्यासाठीचा स्टोअर मोड चालू राहिलाय का, तेही पाहा. त्यात रंग भडक होतात, वीजही जास्त जाते. घरात होम मोडच हवा.

हे सगळं रात्री दमून आल्यावर करू नकोस. तू पहाटे उठतेसच (तुझ्या आजोबांची सवय, मला फार आवडते), तेव्हा चहा घेत अर्धा तास बस. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी, आणि तुझी वही हाताशी असेल तरच. मेकॅनिकला बोलावलंस तर पैसे जातील आणि तोही तेच मेन्यू उघडेल. दुसरा टीव्ही आणलास तरी तुकोबांना पट्ट्या लागणारच.

बिल आणि वॉरंटीचं कार्ड एकाच पाकिटात ठेव. रविवारी जेवायला ये, वही घेऊन ये. आमच्या टीव्हीचा आवाज ओठांच्या मागे पडतोय, ते आपण दोघी मिळून बघू.

तुझी आजी