पथ्य म्हणजे वाट

‘पथ्य’ या शब्दाच्या पोटात ‘पथ’ आहे. वाटेला धरून असलेलं, वाटचालीला हितकर, ते पथ्य. पण मधुमेहाचं निदान झालं की हा शब्द घरात येतो तो बंदीची यादी होऊन. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, आंबा बंद. यादी पंधरा दिवस पाळली जाते. मग गणपती येतात, पानात मोदक पडतो आणि ‘आता मोडलंच आहे’ म्हणत सगळंच सुटतं. पुढच्या तपासणीला माणूस अपराध्यासारखा जातो किंवा जातच नाही.

यादी मोडते. वाट मात्र मोडत नाही. ती चुकते, आणि चुकलेल्या वाटेवर परत येता येतं.

स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात झालेला ‘डायरेक्ट’ हा अभ्यास मला याच कारणासाठी मोलाचा वाटतो. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी तो साध्या फॅमिली डॉक्टरांच्या ४९ दवाखान्यांतून केला. निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेली, इन्सुलिन न घेणारी, वजन जास्त असलेली माणसं त्यात होती. पहिले तीन ते पाच महिने नेहमीचं जेवण थांबवून दिवसाला सुमारे ८५० कॅलरींची सूप आणि शेक, मग हळूहळू रोजचं अन्न. यकृत आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली की इन्सुलिनचं काम पुन्हा मार्गी लागू शकतं, हा त्यामागचा विचार. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: वर्षाअखेर ४६ टक्के जणांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा अधिक उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ते अवघं ४ टक्के होतं.

लोक सूप आणि शेकबद्दलच बोलतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दवाखान्यातली परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ प्रशिक्षण घेऊन नियमित भेटत राहिली. वजन पुन्हा चढू लागलं, तर काय करायचं हे आधीच ठरलेलं होतं: काही आठवडे पुन्हा सूप-शेक, पुन्हा सुरुवात. माणसाचा पाय घसरणार, हे योजनेतच धरलेलं होतं. तरीही दुसऱ्या वर्षाअखेर प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. वाट लांबची आहे, म्हणूनच सोबत लागते.

आपल्याकडचा वाटाड्या आपलं ताट ओळखणारा हवा. उपासाच्या खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हे त्याने सांगावं. ज्वारीची भाकरी चांगली, पण ‘भाकरी चालते’ म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच, हेही सांगावं. त्याआधी त्याने विचारावं: स्वयंपाक कोण करतं? रात्रपाळी असते का? डाळ-उसळ वाढवून एक पोळी कमी करणं या आठवड्यात जमेल का? उत्तर रुग्णाच्या तोंडून आलं, तर ते टिकण्याची शक्यता जास्त. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि घरोघरी जाणाऱ्या आशाताई हे काम करू शकतात. त्यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि प्रत्येक माणसासाठी वेळ मिळाला पाहिजे.

एक इशारा: ८५० कॅलरींचा आहार कुणीही घरी आपल्या मनाने करू नये. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं एकदम घटवलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावं.

आणि तुमच्या घरात कुणाचं पथ्य चुकलं, तर रागवू नका. पुढच्या जेवणाला त्यांच्यासारखंच ताट वाढून घ्या आणि शेजारी बसा.