धीर की हट्ट?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर इंदूरच्या मंडळात एक विषय निघाला, तो अजून आमच्या मनातून जात नाही. आपल्यातल्या एका काकांनी 2021 मध्ये बायपासकडचा प्लॉट विकला होता. आज तिथला भाव बराच वर गेला आहे. त्यांचे धाकटे बंधू सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाले, "दादाला धीरच नाही. दोन-तीन वर्षं थांबला असता तर!" काका काही बोलले नाहीत. प्रसाद घेतला आणि निघाले.

खरंच, काकांना धीर नव्हता का?

घर-जमिनीत पैसा घालणाऱ्याला सगळे एकच सांगतात, धरून ठेव, जमीन कुठे पळून जाते? जमीन नाही पळत, बरोबर आहे. पण दम लागतो तो धरणाऱ्याला. हप्ता दर महिन्याला येतो, भाडेकरू दर महिन्याला असतोच असं नाही. महापालिकेचा कर, पावसाळ्यात गळणारी गच्ची, नामांतरणासाठी मारलेल्या चकरा, हे सगळं भाव वाढण्याच्या आधी येतं. अडचणीत विकावं लागलं की घेणाऱ्याला ते लगेच कळतं आणि तो भाव पाडून मागतो. म्हणून या व्यवहारात टिकतो कोण? ज्याच्यावर विकायची पाळीच येत नाही तो. हुशारीचा भाग त्यात थोडाच.

हिशेब करून पाहू. 7 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी 40 लाखांचं कर्ज घेतलं तर हप्ता साधारण 31 हजार बसतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या दहा महिन्यांच्या आत रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. तेवढीच वाढ आपल्या कर्जात धरली तर व्याज साडेनऊ टक्के. 40 लाखांवर महिन्याचं नुसतं व्याजच 31,600 च्या वर जातं. म्हणजे जुना हप्ता भरत राहिलो तर मुद्दल एक पैसाही कमी होत नाही, उलट वाढतं! 20 वर्षांत फेडायचं तर हप्ता 37 हजारांच्या पुढे. दरमहा हे सहा हजार कुठून आणायचे, याचा विचार कर्ज घेताना आपल्यापैकी किती घरांत झाला होता? (आमच्या घरात झाला नव्हता, हे कबूल करायला हवं.)

पण पैशाचा हिशेब मांडता येतो. आम्हाला अडतं ते पुढे. थांबायला जी ताकद लागते, ती कुणाची खर्च होते?

काकांचं असंच झालं होतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद. बँकांनी हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, आधी तीन महिने, मग आणखी तीन, ऑगस्टअखेरपर्यंत. लोकांना वाटलं हप्ते माफ झाले. माफ कुठले, व्याज चालूच होतं. 25 लाखांच्या कर्जावर 8 टक्क्यांनी सहा महिन्यांत लाखभर रुपये नुसते साचतात. त्यानंतर काकूंच्या बांगड्या गहाण गेल्या. मुलीने कॉलेज सोडून नोकरी धरायची तयारी दाखवली. धीर काकांचा म्हणायचा, पण किंमत भरत होत्या त्या दोघी, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

इथे तुकोबांची आठवण होते. परंपरेने सांगतात, दुष्काळानंतर घरातली कर्जखतं इंद्रायणीत बुडवायची ठरवली तेव्हा त्यांनी आधी वाटणी केली. कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि फक्त आपला बुडवला. आपण ही गोष्ट वैराग्याची म्हणून सांगतो. आम्हाला त्यातली वाटणी जास्त मोठी वाटते. सोडतानाही तुकोबांनी भावाच्या वाट्याला हात लावला नाही. मग धरून ठेवताना आपण बायकोच्या, मुलीच्या वाट्याला हात कसा लावतो? ज्याने बायकोला समोर बसवून सांगितलं, की इतकी वर्षं तंगी सोसावी लागेल, चालेल का, आणि ती हो म्हणाली, त्याच्या थांबण्याला धीर म्हणता येईल. न विचारता थांबला तर तो हट्ट. भाव वाढला म्हणून हट्टाचा धीर होत नाही.

भाडेकरूचंही तेच आहे बरं का. आपला हप्ता निभावा म्हणून त्याच्या खोलीतली गळती तीन पावसाळे तशीच ठेवली, तर टिकून राहण्याचा खर्च तो भरतोय.

याची दुसरी बाजूही आहे. भीतीपोटी, बाजार जरा पडला की विकून मोकळं होणारेही आपल्यात आहेत. आणि सात वारसांच्या सह्या होत नाहीत म्हणून कुलूप लागलेले जुने वाडेही आपण रोज बघतो. तेही टिकलेच आहेत म्हणा! पूर्वी मृगाच्या आधी कुणीतरी वर चढून कौलं परतायचं, म्हणून वाडा उभा राहायचा. आता नुसताच उभा आहे, आत पिंपळ उगवलाय.

रविवारी आम्ही काकांकडे गेलो होतो. प्लॉटचा विषय आम्ही काढला नाही, काकूंनीच काढला. म्हणाल्या, "यांनी विकायच्या आधी मला विचारलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पैशाच्या बाबतीत पहिल्यांदाच विचारलं." मग चहा ओतताना बांगड्या मागे सारल्या. काका पेपर वाचत होते, किंवा तसं दाखवत होते.