दुबळी पेटी आणि राणीचा जीव

महाबळेश्वरच्या पठारावर जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत तो हटत नाही. या दिवसांत सातेरी मधमाशीला पेटीबाहेर पडणं अवघड होतं, आणि पडलीच तरी रानात तिला फारसं काही मिळत नाही. उन्हाळ्यात जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर गजबजलेली पेटी ऑगस्टमध्ये उघडावी, तर कित्येकदा दोन-तीन पोळ्यांवर थोड्याशा माश्या उरलेल्या दिसतात. राणी फिरत असते, पण अंडी तुरळक. कडेच्या रिकाम्या पोळ्यांत मेणपतंगाच्या अळ्यांनी जाळी धरलेली असते. अशा पेटीचं काय करायचं, हा मधपाळाच्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न. अहिंसेचा विचार करणाऱ्या माणसालाही तो टाळता येण्याजोगा नाही.

पहिला उपाय सौम्य आहे. शेजारच्या भरल्या पेटीतून पिल्लांची एक फ्रेम काढून दुबळ्या पेटीत द्यायची. त्यातही पारख लागते. फ्रेमवर उघड्या अळ्या असतील तर त्यांना भरवायला आणि ऊब द्यायला माश्या हव्यात, आणि नेमक्या त्याच इथे कमी असतात. पिल्लांच्या जागी 34-35 अंश सेल्सियस तापमान राखावं लागतं. ते राहिलं नाही तर अळ्या गारठून मरतात. म्हणून झाकणबंद घरांची, आज-उद्या माश्या बाहेर पडतील अशी फ्रेम निवडतात. तिच्यावर राणी नाही ना, हे दोन्ही बाजूंनी निरखून पाहतात आणि मगच माश्या झटकतात. रिकामी पोळी काढून घेतात, दार एक-दोन माश्यांपुरतं लहान करतात, साखरेचा पाक संध्याकाळी ठेवतात. दिवसा पाक सांडला तर वासावर दुसऱ्या पेट्यांच्या माश्या येतात आणि लूट सुरू होते.

एवढ्यानेही पेटी सावरली नाही, तर ती दुसऱ्या पेटीत मिसळतात. दोन पेट्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालतात आणि त्याला बारीक चिरा पाडतात. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडत राहतात. तेवढ्या वेळात एकीचा वास दुसरीला सवयीचा होतो आणि मारामारी टळते. पण एका पेटीत दोन राण्या सहसा नांदत नाहीत. म्हणून मिसळण्याआधी दुबळी राणी शोधायची, दोन बोटांत धरायची आणि चिरडायची. क्षणभराचं काम. तिने हजारो माश्यांना जन्म दिलेला असतो, आणि तिचा अपराध असलाच तर म्हातारपणाचा किंवा उपासमारीचा.

याला हिंसा म्हणायचं की नाही?

जैन विचारात उत्तर स्पष्ट आहे. मधमाशी हा चतुरिंद्रिय जीव, आणि प्रत्येक माशी स्वतंत्र जीव. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात गृहस्थाच्या आठ मूलगुणांत मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधाचा त्याग येतो. अमृतचंद्र पुरुषार्थसिद्ध्युपायात आणखी पुढे जातात: पोळ्यातून आपोआप गळलेला मध घेतला तरी त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांचा घात होतोच, म्हणून तोही वर्ज्य. हे लिहिलं गेलं तेव्हा मध काढायचा म्हणजे धूर करून पोळं तोडायचं आणि अळ्यांसकट पिळायचं. 1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथने सुट्या, काढता-घालता येणाऱ्या फ्रेमची पेटी सिद्ध केली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूटन या जेझुइट पाद्रींनी दक्षिण भारतात सातेरीच्या आकाराला बेतलेली लहान पेटी तयार केली. तेव्हापासून अळ्या न चिरडता, पोळं न मोडता मध काढता येतो. जुन्या आक्षेपाचा मोठा भाग त्यामुळे गळून पडला, असं मधपाळ म्हणतात आणि मधापुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण बोटांतल्या राणीला त्याचा काही उपयोग नाही.

मग विज्ञानाचा आधार घेतला जातो. 1911 मध्ये विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी मुंग्यांची वसाहत हाच एक सजीव आहे, अशी मांडणी केली, आणि पुढे मधमाश्यांनाही ती लागू झाली. एकटी माशी फार काळ जगत नाही, एकटी प्रजा वाढवत नाही; जगते, थंडी-पावसाला तोंड देते, विभागून वाढते ती वसाहत. हे मान्य केलं तर राणी म्हणजे त्या देहाचा एक अवयव ठरते, आणि सडका अवयव कापण्यात पाप कसलं? ही मांडणी समजून घेण्यासाठी फार उपयोगी आहे, पण दोषमुक्तीसाठी वापरली की संशय यावा इतकी सोयीची आहे. मधमाशी शिकते, लक्षात ठेवते, धोका टाळते. वसाहत एक देह असली, म्हणून माशीचं माशीपण संपत नाही. महाभारतात विदुर कुळासाठी एकाला सोडावं असं सांगतो, पण तो दुर्योधनाबद्दल बोलत होता. राणीने कोणाचं काही बिघडवलेलं नाही.

तर मग हात न लावणं बरं? रानातल्या ढोलीतल्या वसाहतीबाबत हे पटण्यासारखं आहे. ती दुबळी झाली तर मरेल किंवा उडून दुसरीकडे जाईल. तिचं आणि रानाचं नातं तिसऱ्याने ठरवू नये. पेटीतल्या वसाहतीची गोष्ट वेगळी. तिला माणसाने ढोलीतून काढून आणलं आणि पावसाळ्यासाठी साठवलेला मध मे महिन्यात काढून घेतला. ऑगस्टमधली तिची उपासमार निम्मी पावसाची आणि निम्मी त्याची. अशा वेळी 'मी काही केलं नाही' हे म्हणणं खरं नसतं. जे करायचं ते आधीच करून झालेलं असतं. पेटी तशीच सोडली तर मेणपतंगाच्या अळ्या, मुंग्या आणि भूक मिळून राणीसह सगळ्यांचा शेवट करतात, तोही सावकाश. राणी मारणं ही हिंसाच आहे आणि तिला दुसरं नाव देऊ नये. पण पेटी सोडून देणं ही मोठी हिंसा आहे, फक्त ती करताना बोटं स्वच्छ राहतात.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंमध्ये मधमाशीही सांगतो आणि मध काढून नेणाराही. एकनाथांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतामुळे हा प्रसंग मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या वाचला गेला. थोडं थोडं घ्यावं, हा माशीचा एक धडा. साठवणारा साठ्यासकट नष्ट होतो, हा दुसरा. संन्याशासाठी दोन्ही योग्यच. पण दुसऱ्या धड्यात माशीवर थोडा अन्याय होतो. तिचा साठा लोभातून होत नाही. चार महिने पाऊस कोसळताना पिल्लं जगवायची तर घरात अन्न लागतं. ती गृहस्थाश्रमी आहे. ज्याला खरोखर असंग्रह शिकायचा आहे तो माणूस आहे, आणि त्याची परीक्षा पावसाआधीच्या शेवटच्या मधाच्या वेळी होते. अंगणातली एक पेटी असो वा 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं मांघर असो, त्या दिवशी किती फ्रेम हातच्या राखल्या यावर ऑगस्टमध्ये किती राण्या चिरडाव्या लागतील हे बरंचसं ठरतं. पाकाने वेळ निभावते, पण पाक मधाची आणि परागाची जागा घेत नाही.

दयेलाही इथे डोळस राहावं लागतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. या रोगात अळ्या घरातच पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मरतात. पेटी दुबळी का झाली हे न पाहता कोणी फ्रेमची अदलाबदल करू लागला, तर रोग चांगल्या पेट्यांत पोहोचतो. म्हणून आधी निदान, मग मदत. दोन दुबळ्या पेट्या जोडून एक सशक्त पेटी सहसा होत नाही, हेही अनुभवी मधपाळ जाणतात आणि दुबळी पेटी सशक्त पेटीलाच जोडतात.

सांगली-कोल्हापूर भागात शेती करणारा जैन समाज मोठा आहे. त्या घरांत मध येत नाही, आणि त्या त्यागाला या सगळ्या चर्चेने कमीपणा येत नाही. पण काकडी-कारल्याच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मधे कीटक फिरल्याशिवाय फळ धरत नाही. ढोल्या असलेली जुनी झाडं बांधांवरून गेली आणि फवारे वाढले, तसं शेतात पेट्या ठेवून घेण्याचं काम वाढत आहे. मधाचा थेंबही न चाखणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर पेटी येते, तेव्हा दुबळ्या राणीचा प्रश्न त्याच्याही दारात येतो. फवारणी फुलं उघडी असताना सकाळी करायची की माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी, हे तोच ठरवतो. हंगाम संपल्यावर त्या पेट्यांना चारा उरेल असं बांधावर काही लावायचं की नाही, हेही त्याच्याच हातात असतं.