टाळ्या आणि शेजार

पोटासाठीं देश सोडणारा मनुष्य आपल्याबरोबर विकण्याजोगें कांहीं तरी घेऊन जातो. कोणी विद्या नेतो, कोणी कारागिरी, कोणी अंगमेहनत. धंदेवाईक खेळाडू मात्र आपलें शरीरच नेतो, आणि त्याचा सौदा चारचौघांच्या देखत होतो. त्याच्या मनगटाचा जोर, नजरेची तीक्ष्णता, पायांची चपळाई यांची किंमत हजारों लोक दर आठवड्याला आरडाओरड करून ठरवितात. सामना संपला कीं हे लोक आपापल्या घरीं जातात. खेळाडूलाहि घरीं जावयाचें असतें. परंतु त्याचें घर म्हणजे भाड्याच्या खोल्या, अनोळखी थंडी, बेचव वाटणारें अन्न आणि पडद्याआडून पाहणारे शेजारी. मैदानावर ज्याला सारे ओळखतात, त्याला गल्लींत कोणी ओळखीत नाहीं. येथें असा प्रश्न उत्पन्न होतो कीं, ज्या गांवानें त्याचें कौशल्य दाम मोजून घेतलें, तें गांव त्या दामापलीकडे त्याचें कांहीं देणें लागतें काय?

या प्रश्नाचा निव्वळ तर्कानें विचार करण्यापेक्षां एका खऱ्या चरित्राच्या आधारें केलेला बरा. लिअरी कॉन्स्टंटाइन हे त्रिनिदाद बेटावरचे क्रिकेटपटु. १९०१ सालीं जन्मलेल्या या कृष्णवर्णी तरुणाला स्वदेशीं कारकुनीपलीकडे फारशी वाट दिसत नव्हती. कारण तेथेंहि बढतीच्या जागा गोऱ्यांसाठीं राखलेल्या असत. १९२८ मध्यें वेस्ट इंडीजच्या संघाबरोबर ते इंग्लंडांत खेळले, आणि पुढच्याच वर्षीं लँकेशायरमधील नेल्सन या कापडगिरण्यांच्या गांवानें त्यांना पगारी खेळाडू म्हणून नेमलें. तेथील लीगमध्यें प्रत्येक क्लबाचा एकच खेळाडू पगारी असे. बाकीचे गांवचेच हौशी लोक. शनिवारीं गिरण्या सुटल्या कीं सारा गांव मैदानावर लोटे. फलंदाजाच्या पन्नास धावा झाल्या कीं प्रेक्षकांत पेटी फिरे आणि मजूर आपल्या खिशांतलीं नाणीं तींत टाकीत.

शनिवार असा गोड. पण इतर सहा दिवसांचें काय? नेल्सनमधील बहुतेकांनीं काळा मनुष्य पूर्वीं पाहिलाच नव्हता. लोक रस्त्यांत थांबून टक लावून पाहत. मुलें खिडकींतून डोकावत, आणि हा रंग साबणानें जातो काय, असें विचारीत. यांत द्वेषापेक्षां अज्ञान अधिक होतें, हें खरें. तथापि अज्ञानाचा कांटा द्वेषाच्या कांट्याहून कमी बोंचतो असें नाहीं. कारण द्वेष्ट्यावर निदान रागावतां तरी येतें. पहिला हंगाम संपला तेव्हां कॉन्स्टंटाइन यांना परत जावेंसें वाटूं लागलें. त्यांच्या पत्नी नॉर्मा यांनीं समजूत घातली, आणि बिऱ्हाड राहिलें.

पुढें ते नऊ हंगाम नेल्सनसाठीं खेळले, आणि त्यांतील सात वेळां क्लबानें लीग जिंकली. पण आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट दुसरीच आहे. १९३७ नंतर नेल्सनशीं त्यांचा करार उरला नाहीं, तरीहि त्यांचें कुटुंब १९४९ पर्यंत त्याच गांवांत राहिलें. क्लबानें देणें बंद केलें होतें, आणि गांवानें टाळ्या वाजवाव्यात असें त्यांच्याकडून कांहीं घडत नव्हतें. तरीहि तें घर घरच राहिलें. टाळी आणि शेजार यांतील भेद येथें दिसतो. टाळी कृतीला असते. पुढच्या शनिवारीं भोपळा निघाला कीं ती थांबते, आणि त्यांत कोणाचा अपराध नाहीं. शेजारधर्म मात्र धावा मोजीत नाहीं. तो आजारपणांत चौकशी करतो, मुलीला शाळेच्या वाटेवर सोबत देतो, आणि टकमक पाहणें सोडून सहज पाहणें शिकतो.

कोणी म्हणेल, खेळाडू आपखुशीनें गेला, गिरणींतल्या मजुराला स्वप्नांतहि दिसणार नाहीं एवढें वेतन त्याला मिळालें. मग जुळवून घेण्याचा भार त्यानेंच वाहावा. जसा देश तसा वेश, ही म्हण आपल्याकडे आहेच. ती खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जाड कोट घालावा, मिळेल तें खावें, तेथल्या रीतिभाती शिकाव्या, हें पाहुण्याचें कर्तव्यच होय. परंतु या म्हणींतच तिची मर्यादाहि आहे. वेश बदलतां येतो. वर्ण, आईबापांचें नांव आणि बालपणीची भाषा हीं बदलतां येत नाहींत. जेथपर्यंत वेशाची गोष्ट आहे तेथपर्यंत भार पाहुण्याचा. त्यापुढें तो यजमानाचा. ही सीमारेषा ओलांडून जें मागितलें जातें, त्याला जुळवून घेणें म्हणणें चुकीचें आहे. तें स्वतःला पुसून टाकणें होय.

कॉन्स्टंटाइन यांनीं ही रेषा नीट ओळखली होती. १९४३ मध्यें लॉर्ड्‌सवरील सामन्यासाठीं ते सहकुटुंब लंडनला गेले असतां, अगोदर खोल्या राखून ठेवलेल्या असूनहि, एका हॉटेलानें त्यांना एका रात्रीपलीकडे ठेवून घेण्यास नकार दिला; कारण रंगाचें. त्या वेळीं ते सरकारच्या मजूरखात्यांत जबाबदारीच्या हुद्द्यावर होते, आणि इंग्लंडांत राहून त्यांना चौदा वर्षें झालीं होतीं. आणखी किती जुळवून घ्यावयाचें होतें? त्यांनीं फिर्याद केली, आणि १९४४ मध्यें न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. भरपाई अवघी पांच गिनी! पण जो मनुष्य मुलांच्या प्रश्नांपुढें शांत राहिला, तोच हॉटेलवाल्यापुढें अडून बसला, यांत विसंगति नाहीं. अज्ञानाला वेळ द्यावयाचा असतो, अन्यायाला नव्हे.

त्याच लँकेशायरमध्यें आपलींहि माणसें जाऊन राहिलीं. सांगलीचे विजय हजारे १९४९ सालीं रॉटेन्स्टॉल क्लबासाठीं खेळले. मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनकडून खेळले, आणि पुढें कॉन्स्टंटाइन यांच्याच त्रिनिदादमध्यें लग्नसंबंध जोडून कायमचे स्थायिक झाले. आपला मनुष्य परदेशीं असला म्हणजे त्याला तेथें कोणी आपुलकीनें वागविलें काय, हें आपण मोठ्या आस्थेनें विचारतों.

परंतु आतां यजमानपद आपल्याकडे आलें आहे. नायजेरियाचा रांटी मार्टिन्स गोव्याच्या धेंपो क्लबाकडून अनेक वर्षें फुटबॉल खेळला. इराणचा फझल अत्राचली मुंबईच्या आणि पुण्याच्या संघांतून कबड्डी खेळला, आणि आपल्या मातींतल्या खेळांत परदेशी मनुष्याची पकड पाहून आपण उभे राहून टाळ्या वाजविल्या. तें योग्यच झालें. मात्र तसाच एखादा परका, ज्याचें नांव वर्तमानपत्रांत नाहीं, आपल्या इमारतींत बिऱ्हाड मागावयास आला तर आपण त्याला प्रथम काय विचारूं? त्याचें भाडें देण्याचें सामर्थ्य, कीं तो काय खातो, कोणता देव मानतो आणि त्याचा रंग इतका काळा कां?

१९६३ मध्यें नेल्सननें कॉन्स्टंटाइन यांना गांवाचें सन्माननीय नागरिकत्व दिलें. १९६९ मध्यें त्यांना उमरावपद मिळालें, तेव्हां त्यांनीं आपल्या बिरुदांत दोन गांवांचीं नांवें घातलीं: त्रिनिदादचें मराव्हल आणि लँकेशायरचें नेल्सन. पहिलें नांव त्यांना जन्मभूमीकडून मिळालें होतें. दुसरें त्यांना घ्यावेंसें वाटलें, याचें श्रेय जितकें त्यांच्या सहनशीलतेला, तितकेंच त्या गिरणगांवांतील सामान्य बिऱ्हाडांना आहे. आपल्या गांवाचें नांव असें कोणी परका पुढें अभिमानानें लावील काय, याचा निकाल मैदानावर लागत नाहीं. तो आपल्या जिन्यावर आणि आपल्या दारांत लागतो.